जागा घरातच राहिली

सोमवार, २ फेब्रुवारी
आज सासऱ्यांनी मला ऑफिसात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. लग्नानंतर मी याच घरात राहायला आलो, त्याला अठरा वर्षं झाली. तेवढ्या काळात माझ्यासाठी दार लोटलं गेलं ते आज पहिल्यांदा, म्हणून ही डायरी सुरू करतो आहे. पुढे चरित्रकारांना उपयोगी पडेल.

सासरे पाच वेळा आमदार झाले. त्यांच्या आधी त्यांचे वडील होते. आता गुडघ्यांनी जाहीर असहकार पुकारल्यामुळे यंदा ते उभे राहणार नाहीत. म्हणाले, "जावईबापू, आपल्या मतदारसंघाचा इतिहास लिहायचाय. पहिल्या निवडणुकीपासून. प्रचाराच्या आधी पुस्तक हातात हवं. एवढं जबाबदारीचं काम दुसऱ्या कुणावर टाकू?"

मला समजायचं ते समजलं. ज्याच्या हाती मागचं देतात, त्याच्या हाती पुढचंही देतात. मी नुसतं "बरं" म्हणालो. उतावीळ दिसणं बरं नव्हे.

लिहायला गॅरेजवरची खोली मिळाली आहे. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "छान. वर शांत असतं." ती रोज सकाळी नऊला पुढच्या खोलीत टेबल मांडून बसते आणि लोकांच्या तक्रारी ऐकते. नळ, रस्ता, दाखला, बदली. राजकारणातलं सूक्ष्म तिच्या लक्षात येत नाही, तो तिचा दोष नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी
इतिहासाला प्रारंभ केला. पहिल्या निवडणुकीत सासऱ्यांच्या वडिलांविरुद्ध कुणीच उभं राहिलं नव्हतं. कारण काय, असं विचारल्यावर सासरे म्हणाले, "प्रेम." दुसऱ्या खेपेला एक जण उभा राहिला, पण अर्जावरची त्याची सही जरा तिरकी पडल्यामुळे अर्ज बाद झाला. तिसऱ्या वेळी समोर दमदार उमेदवार होता, पण मतदानाच्या दिवशी त्याच्या बाजूच्या वस्त्यांकडे जाणाऱ्या सगळ्या बस नेमक्या बिघडल्या. या तिन्हीसाठी मिळून मी एकच वाक्य केलं: "मतदारांच्या अपार प्रेमापुढे विरोधकांची मात्रा चालली नाही." 

एकदाच ही जागा घरातून गेली. घरात त्या वर्षांना "तो काळ" म्हणतात. सिनेमा थिएटरचा मालक अपक्ष निवडून आला आणि काही आठवड्यांतच सासऱ्यांच्या पक्षाला पाठिंबा देऊन मोकळा झाला. मी लिहिलं: "जनतेचा उघड विश्वासघात." सासऱ्यांनी लाल पेनाने ते खोडलं. "अहो, तो आपल्याकडेच आला होता." तिथे आता "त्यांनी विकासाचा मार्ग धरला" असं आहे. इतिहासलेखनात दृष्टिकोन फार महत्त्वाचा.

माझं नेहमीचं काम सध्या बायको बघते. मतदारसंघात कुणाच्या घरचं कुणी वारलं, की सासऱ्यांच्या सहीचं सांत्वनपत्र जातं. अठरा वर्षं ती पत्रं मीच लिहीत आलो. छापील मजकूर मी कधी पाठवला नाही. माणूस कसा होता ते ड्रायव्हरकडून, शेजाऱ्यांकडून काढायचं आणि दोन ओळी त्याच्याच लिहायच्या, ही माझी पद्धत. सासरे न वाचता सही करतात. केवढा विश्वास!

बुधवार, ११ फेब्रुवारी
वकीलसाहेबांची मुलाखत घेतली. सासऱ्यांविरुद्ध प्रत्येक वेळी हेच उभे राहिले आणि प्रत्येक वेळी पडले. गावात त्यांना "पडेल वकील" म्हणतात, आणि तेही त्यावर हसतात. 

इतकं हरलेल्या माणसाचं घर इतकं प्रशस्त असेल असं वाटलं नव्हतं. बैठकीत सासऱ्यांच्या ऑफिसात आहे अगदी तश्शीच फिरती खुर्ची. एकाच दुकानातून घेतली असावी. सासऱ्यांच्या साखरेच्या गोळ्या गेल्या महिन्यात बदलल्या हेही त्यांना ठाऊक होतं. विरोधकाच्या प्रकृतीची एवढी चौकशी! मी लिहून घेतलं: "खिलाडूवृत्ती."

मी विचारलं, इतक्या वेळा पडून पुन्हा उभं राहायला बळ कुठून येतं? ते म्हणाले, "मी उभा राहिलो नसतो, तर साहेब निवडून आले नसते." यात मोठं तत्त्वज्ञान आहे, पण प्रकरणात कुठे बसवावं ते कळेना.

यंदा ते उभे राहणार नाहीत. डॉक्टरांनी दगदग बंद केली आहे. "पण कुणीतरी लागणारच ना," असं म्हणून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. शिंपी माप घ्यायच्या आधी बघतो तसं.

रविवार, २२ फेब्रुवारी
दोन नवी जाकिटं शिवून आली. बाथरूममध्ये आभाराच्या भाषणाचा सराव करतो. तिथे आवाज भरदार लागतो. सासूबाईंनी बाहेरून विचारलं, आत किती लोक आहेत.

रविवार, १ मार्च
लिहायचं नव्हतं. पण डायरीशी प्रामाणिक राहायचं ठरवलं आहे.

संध्याकाळी पुढच्या खोलीत सगळे जमले होते. पक्षाच्या मुख्य कार्यालयातून फोन आला. सासऱ्यांनी ऐकला, डोळे पुसले आणि म्हणाले, "उमेदवारी घरातच आली." मी उभा राहिलो. जाकिटाचं वरचं बटण लावलं. सासरे म्हणाले, "आपल्या ताई!" 

ताई म्हणजे माझी बायको. सगळे तिच्याकडे वळले. मी एकटा उभा होतो, त्यामुळे खिडकी लावली. ती आधीच लावलेली होती.

नंतर खोलीत ती म्हणाली, "तुम्हाला वाटलं होतं का?"

मी म्हणालो, छे.

"अठरा वर्षं मी सकाळी नऊला त्या टेबलाशी बसते आहे. कुठल्या गल्लीत कोणता नळ कोरडा आहे ते झोपेत सांगेन. तुम्हाला खरंच वाटलं होतं?"

मी म्हणालो, मी जाकिटं थंडीसाठी शिवली. तिने माझ्याकडे बघितलं. चेहरा रागाचा नव्हता. रागाचा असता तर सोपं गेलं असतं.

मंगळवार, ३ मार्च
वकीलसाहेब थेट गॅरेजवरच्या खोलीत आले. सासऱ्यांच्या गाडीतून आले. वाटेत भेटली म्हणे. 

म्हणाले, तुमच्यावर अन्याय झालाय. सगळा गाव हळहळतोय. (मला कुणी हळहळताना दिसलं नव्हतं, पण माझं बाहेर जाणंही कमी आहे.) मग त्यांनी हिशेब मांडला. समोरच्या पक्षाने सिमेंटवाल्याला तिकीट दिलंय. तो तगडा आहे. साहेबांच्या घरावर नाराज असलेली सगळी मतं त्याच्या झोळीत पडतील. "पण तुम्ही अपक्ष उभे राहिलात, तर ती नाराजी तुमच्याकडे वळेल. बंड करा, जावईसाहेब."

बंड! हा शब्द माझ्या बाबतीत याआधी कुणीच वापरला नव्हता. मी पाणी प्यायलो. खर्चाचं काय, असं विचारलं. ते म्हणाले, हितचिंतक आहेत. कोण, असं विचारल्यावर म्हणाले, ते नाव सांगत नसतात, म्हणून तर हितचिंतक.

गुरुवार, ५ मार्च
आज सासऱ्यांना तोंडावर सांगितलं. म्हणालो: मी उभा राहणार.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "माझ्या घरात बंड," म्हणाले आणि मान खाली घातली. मग विचारलं, सूचकांच्या सह्या झाल्या का. नाही म्हटल्यावर म्हणाले, "आपल्या पेट्रोल पंपावरची माणसं देतील. आणि अर्ज मंगळवारी भरा. सोमवारी फार गर्दी असते." माझी सही तिरकी पडून अर्ज बाद होऊ नये म्हणून त्यांनी शेजारी बसून सह्या करून घेतल्या. एवढ्या दुःखातही माणूस काळजी करतो. मला भरून आलं.

बायकोला कळल्यावर तिने एकच विचारलं, "कुणी सुचवलं?"

"अंतरात्म्याने."

"तो बाबांच्या गाडीतून आला होता का?"

मग ती खाली गेली. ऑफिसाचं दार बंद होतं, पण तिचा आवाज चढलेला ऐकू आला. "मला माझ्या जोरावर लढू द्या. त्यांना मध्ये घालू नका." माझ्या उमेदवारीची तिला इतकी धास्ती वाटेल अशी कल्पना नव्हती. एका परीने वाईट वाटलं. एका परीने नाही.

शुक्रवार, १३ मार्च
चिन्हं मिळाली. मला कंगवा.

माझ्या डोक्यावर केस नाहीत हे चरित्रकारांना छायाचित्रावरून कळेलच. निवडणूक अधिकारी अत्यंत गंभीर राहिले. त्यांचा कारकून मात्र फाइल आणायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. मी बदलून मागणार होतो, पण वकीलसाहेब म्हणाले, असू द्या, लोक लक्षात ठेवतील. ते माझे निवडणूक प्रतिनिधी झाले आहेत. आयुष्यभर पडलेला माणूस माझ्या विजयासाठी झटतोय.

शनिवार, २१ मार्च
प्रचार जोरात आहे. कोपरासभेला लोक बेताचे होते आणि त्यातले निम्मे सासऱ्यांच्या ऑफिसातले. त्यांनी टाळ्या मात्र मनापासून वाजवल्या. भाषण वकीलसाहेब लिहून देतात. त्यात सिमेंटवाल्यावर पाच परिच्छेद असतात आणि बायकोच्या पक्षावर एकही नाही. मी विचारलं, तर म्हणाले, सभ्यता.

माझी आणि तिची पत्रकं एकाच छापखान्यातून एकाच टेम्पोने येतात. आज गठ्ठे बदलले. संपूर्ण बाजारपेठेत मी तिची पत्रकं वाटली. लोकांनीही हसत हसत घेतली.

जेवायला आम्ही सगळे एकाच टेबलावर असतो. सासूबाईंनी वाढताना विचारलं, "बंडखोराला आणखी हवंय का?" सासरे हसले. बायको हसली नाही. ती हल्ली माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते आणि आमचं काम तर एकमेकांविरुद्ध आहे, त्यामुळे बोलणं उरलेलं नाही.

गुरुवार, २६ मार्च
आज वेगळंच घडलं. नीट लिहून ठेवतो.

कापड गिरणीच्या चाळीसमोर सभा होती. वकीलसाहेबांना कोर्टात तारीख, म्हणून ते नव्हते आणि भाषणाचा कागद त्यांच्याच खिशात राहिला. मी माइकसमोर उभा राहिलो. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, तुम्ही आमच्यासाठी आजवर काय केलंत? मला काही सुचेना. सुचेना म्हणून खरं ते सांगितलं. म्हणालो, काही नाही. मी फक्त पत्रं लिहिली. तुमच्याकडे कुणी गेलं की साहेबांच्या नावाने पत्र येतं ना, ते मी लिहितो.

मला वाटलं, झालं, पडलो.

त्या बाई म्हणाल्या, "माझ्या घरच्यांचं? त्यांच्या बासरीबद्दल होतं, ते?"

हो, म्हणालो. ते रात्रपाळीहून आल्यावर गच्चीत वाजवायचे आणि शेजारी तक्रार करायचे. ते गेल्यावर तेच शेजारी म्हणाले, आता झोप लागत नाही. मला ड्रायव्हरने सांगितलं होतं, तसं लिहिलं.

त्या म्हणाल्या, "मी ते फ्रेम करून लावलंय. खाली साहेबांची सही आहे म्हणून गेल्या दोन्ही निवडणुकांत त्यांना मत दिलं." आणि पदर तोंडाला लावून खाली बसल्या. मागून एक जण उठला, त्याच्या वडिलांचं पत्र. मग एक म्हातारे. मग भाषण असं झालंच नाही. लोक विचारत गेले आणि मी आठवेल तसं सांगत गेलो. मला बरंच आठवत होतं. निघताना माझ्या हातातले कंगवे लोकांनी मागून घेतले.

घरी येऊन मी आनंदाने टेबलावर सगळं सांगितलं. सासऱ्यांचा घास हातातच राहिला. बायको म्हणाली, "तुम्ही काय केलंत ते कळतंय का तुम्हाला?" मी विचारलं, काय? ती म्हणाली, "काही नाही. जेवा." पण तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी हललं. हसू होतं की रडू, ते मला ओळखता आलं नाही. 

गुरुवार, २ एप्रिल
वकीलसाहेबांनी पत्रांचा विषय बंद करायला सांगितलाय. म्हणाले, मेलेल्यांबद्दल बोलून राजकारण करणं आपल्याला शोभत नाही. पटलं. पण लोक मला बोलू देत नाहीत, तेच विचारतात. आमचं पत्र तुमचंच का? मी हो म्हणतो. खोटं कसं बोलू?

वकीलसाहेब माझ्यासाठी जिवाचं रान करताहेत. परवा मला धरणापलीकडच्या वसाहतीत नेलं. तिथली माणसं दोन वर्षांपूर्वीच दुसरीकडे गेलीत, हे त्यांना ठाऊक नव्हतं. काल गाडी भर रस्त्यात बंद पडली. आज म्हणाले, तुमचा चेहरा उतरलाय, मतदानापर्यंत दवाखान्यात पडून राहा. मी म्हणालो, बंडखोराला विश्रांती नसते. त्यांनी कपाळाला हात लावला. बहुधा कौतुकाने.

सिमेंटवाला जाहीर सभेत म्हणाला, "हे नवरा-बायकोचं नाटक आहे, दोघांनाही पाडा." बायको त्याच संध्याकाळी चाळीत गेली आणि म्हणाली, "पत्रं माझ्या नवऱ्याने लिहिलीत हे खरं आहे. तुमच्या नळांना पाणी मी आणलं हेही खरं आहे. आता तुम्हीच ठरवा." सासऱ्यांनी तिला झापलं म्हणे. पत्रांचं कबूल करायला तुला कुणी सांगितलं होतं?

गुरुवार, ९ एप्रिल
मतदान झालं. एक गोष्ट इथेच लिहितो, बाहेर बोलणार नाही. यंत्रासमोर उभा राहिलो. वर बायकोचं नाव, तिच्या पक्षाचं चिन्ह. सर्वांत खाली मी आणि कंगवा. अठरा वर्षं पुढच्या खोलीतल्या टेबलाशी वाकून बसलेली तिची पाठ डोळ्यांसमोर आली. मी तिचं बटण दाबलं.

माझ्यावर अन्याय झाला हे खरंच आहे. पण नळांचं तिला जास्त कळतं हेही तितकंच खरं.

सोमवार, १३ एप्रिल
मी निवडून आलो.

पुन्हा वाचलं. बरोबर लिहिलंय.

सकाळच्या फेऱ्यांत सिमेंटवाला पुढे होता. वकीलसाहेब निवांत चहा पीत होते. दुपारी बायको पुढे गेली, तेव्हा त्यांनी खुर्चीत अंग सैल सोडलं. मग चाळीची आणि आसपासच्या वस्त्यांची यंत्रं उघडली आणि कंगवा वर सरकायला लागला. एकेका फेरीला वकीलसाहेब घामाने भिजत गेले. शेवटची फेरी जाहीर झाली. मी थोडक्यात पुढे होतो, बायको दुसरी, सिमेंटवाला तिसरा. वकीलसाहेब ताडकन उठले आणि फेरमोजणीची मागणी केली.

निवडणूक अधिकारी म्हणाले, "तुमचाच उमेदवार जिंकलाय."

"म्हणूनच," वकीलसाहेब म्हणाले. "काहीतरी चूक झालीय."

सगळं सभागृह हसलं. मी त्यांची बाजू घेतली. माझ्या प्रतिनिधीला निर्विवाद विजय हवा आहे, असं सांगितलं. फेरमोजणीत माझी थोडी मतं वाढलीच. वकीलसाहेब कोपऱ्यात फोन घेऊन "साहेब, माझा दोष नाही, माझा दोष नाही" असं कुणालातरी सांगत राहिले.

बायको माझ्याजवळ आली. सगळे बघत होते. तिने हात पुढे केला. "अभिनंदन," म्हणाली. तिचा हात गार होता. मला म्हणायचं होतं की मी तुलाच मत दिलं. पण विजयी उमेदवाराने असं बोलावं का, याचा विचार करेपर्यंत ती दारापर्यंत गेली होती.

मंगळवार, १४ एप्रिल
सासऱ्यांनी ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, घराबाहेर काढतील. त्यांनी स्वतःची फिरती खुर्ची मला दिली आणि आपण समोरच्या साध्या खुर्चीवर बसले.

"झालं ते झालं," म्हणाले. "जागा घरातच राहिली. हे महत्त्वाचं."

रागाचं नावही नाही. उलट रात्रीतून सगळं जुळवून ठेवलं होतं. मी पक्षात जायचं नाही, नाहीतर आमदारकी जाते. बाहेरून पाठिंबा द्यायचा. निवेदन टाइप करून तयार होतं, फक्त माझी सही हवी होती. मी म्हटलं, लोकांनी मला तुमच्या विरोधात... त्यांनी मध्येच तोडलं. "लोकांनी तुम्हाला दिलं. आता तुम्ही कुणाला देता, तो तुमचा प्रश्न. विरोधात बसून नळ येतात का?" 

बायको दारात उभी होती. ती कधी आली ते कळलं नव्हतं. तिने मला म्हटलं, "सही करू नका."

सासरे म्हणाले, "तू पडलीस, बाळ. पडलेल्याने सल्ला देऊ नये."

"मी पडले, कारण लोकांना या घराचा कंटाळा आला होता," ती म्हणाली. "ते मला कळलं. यांना मत पडलं तेही त्याचसाठी, हे यांना कळलेलं नाही. तुम्ही त्यांची मतं आपल्याच खिशात घालताय."

मी दोघांकडे बघितलं. पेन सासऱ्यांनी टोपण काढून दिलं होतं. शिवाय मी आजवर या ऑफिसात आलेल्या एकाही कागदाला नाही म्हटलेलं नाही.

सही केली. विकासाचा मार्ग धरला.

बुधवार, २२ एप्रिल
पाठिंब्याचा कार्यक्रम झाला. व्यासपीठावर मला मधली खुर्ची होती. चाळीतून कुणी आलं नव्हतं. बासरीवाल्या बाईंनी फ्रेम केलेलं ते पत्र परत पाठवलं आहे. काचेसकट. सोबत निरोप काही नाही.

बायकोने बस स्थानकामागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या. आज टेबल, खुर्च्या आणि आपली बॅग तिकडे नेली. मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, "माहीत नाही. जेवणाची वेळ चुकवू नका, तुम्हाला पित्त होतं." सासूबाईंनी मुलीबरोबर डबा दिला आणि मग घरात येऊन सासऱ्यांना म्हणाल्या, "तुमची जागा राहिली घरात. माझी मुलगी गेली." सासरे पेपर वाचत राहिले. पान उलटं धरलं होतं.

वकीलसाहेब येऊन गेले. हल्ली ते माझ्याशी आदराने बोलतात. सहज म्हणाले, पुढच्या वेळी ताई विरोधात उभ्या राहिल्या, तर साहेबांना काहीच वाईट वाटणार नाही, उलट सोयीचंच आहे. मग थबकले. "पण त्या खऱ्याच उभ्या राहतील हो," असं पुटपुटले. खऱ्याच म्हणजे काय, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं. पाचही निवडणुका, फिरती खुर्ची कुठून आली ते, माझे हितचिंतक कोण ते. मजेने सांगत होते, आपल्याच माणसाला सांगावं तसं. त्यांना वाटत होतं, मला केव्हाच माहीत आहे. मीही मध्ये मध्ये हसलो.

ते गेल्यावर इतिहासाचं हस्तलिखित काढलं आणि पहिल्यापासून वाचलं. त्यात प्रेम हा शब्द फार वेळा आला आहे.

सोमवार, ११ मे
नऊ वाजता पुढच्या खोलीत जाऊन बसतो. नवीन टेबल आणलंय, मोठं आहे. पहिल्या आठवड्यात काही जण आले. एकाला पाण्याची मोटर जळल्याचं सांगायचं होतं. मी त्याला विचारलं, मग आता काय करायचं असतं? तो म्हणाला, ताईंना माहीत होतं. कुठे असतात त्या हल्ली?

पत्ता दिला. आता बाकीचेही विचारत नाहीत, परस्पर तिकडे जातात. 

सोमवार, १८ मे
आज बस स्थानकामागे गेलो. गाडी लांब उभी करायला लावली. जाकीट घातलं नव्हतं.

जिन्यापासून गल्लीच्या तोंडापर्यंत लोक उभे होते. आमदार म्हणून मी सरळ वर गेलो. कुणी अडवलं नाही, कारण कुणी ओळखलंच नाही. बायको टेबलाशी मान खाली घालून एका बाईचा अर्ज वाचत होती. केस पांढरे झालेत तिचे, पुढचे. घरी असताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी घसा खाकरला.

तिने वर बघितलं. वाक्यं मी ठरवून आलो होतो. 

"रांगेत या," ती म्हणाली. आवाज कडू नव्हता. सगळ्यांना सांगते तसाच होता.

मी खाली उतरलो आणि शेवटी जाऊन उभा राहिलो. पुढे एक म्हातारे गृहस्थ होते, हातात पिशवी, पिशवीत कागद. ऊन चढत होतं. त्यांनी थोडं सरकून मला भिंतीच्या सावलीत जागा दिली आणि विचारलं, "तुमची तक्रार कुणाविरुद्ध?"

मी म्हणालो, "आमदाराविरुद्ध."

"मग बरोबर आलात," ते म्हणाले. "ही सगळी रांग त्याचीच आहे."

रांग पुढे सरकली. मीही सरकलो.